कायरोप्रॅक्टिकवर संशोधन करणारे लोक मुळात कोण असतात? बाबांना मिळालेल्या फाईलमधल्या नावांबद्दल विचारायचं आहे

अवनी_नौपाडा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट मिळतील, म्हणून सगळंच लिहिते.

माझे बाबा 68 वर्षांचे आहेत. तुर्भ्याच्या एका कारखान्यात त्यांनी 31 वर्षं ड्रॉइंग बोर्डावर मान खाली घालून काम केलं. दिवाळीपासून त्यांची मान धरली आहे. आमच्या नेहमीच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी एक्स-रे काढला, मणक्यांची झीज आहे म्हणाले आणि व्यायाम लिहून दिले. बाबा चार दिवस व्यायाम करतात आणि पाचव्या दिवशी सोडून देतात. अशात सोसायटीतल्या एका काकांनी त्यांना मोबाईलवर व्हिडिओ दाखवले. मान एका बाजूला वळवायची, झटका द्यायचा, टक् असा आवाज येतो आणि माणूस हसत उठतो. ते बाबांच्या मनात पक्कं बसलं.

गेल्या शनिवारी घोडबंदर रोडवरच्या एका सेंटरमध्ये गेलो. बोर्डावर 'कायरोप्रॅक्टिक', म्हणजे हाताने मणके हलवून करायचा उपचार, आणि नावाआधी 'डॉ.'. 12 सीटिंगचं पॅकेज सांगितलं. मी शाळेत गणित शिकवते. उत्तर बरोबर असलं तरी रीत दाखवल्याशिवाय मी मार्क देत नाही. तिथेही तेच विचारलं, की याला आधार काय? त्यांनी लगेच स्पायरल बाईंडिंग केलेली जाडजूड फाईल हातात ठेवली. इंग्रजी शोधनिबंधांच्या झेरॉक्स. लेखकांच्या नावांवर पिवळा हायलायटर फिरवलेला. स्कॉट हॅल्डमन, डेव्हिड कॅसिडी, ग्रेग कॉचुक, यान हार्टविगसन, डॅनियल चर्किन. काही नावांपुढे डीसी, काहींपुढे पीएच.डी., एकापुढे डीसी, एमडी आणि पीएच.डी. तिन्ही. "बघा, केवढी मोठी माणसं आहेत," असं सांगितलं आणि फाईल घरी न्यायला दिली.

मला विचारायचंय ते असं. हे लोक कोण आहेत? डॉक्टर आहेत, फिजिओ आहेत, की आणखी काही? डीसी ही पदवी म्हणजे नक्की काय? आणि एखादा माणूस आयुष्यभर जे करत आला त्यावरच संशोधन करत असेल, तर त्याच्या निष्कर्षावर किती विश्वास ठेवायचा? "जाऊ नका" किंवा "बिनधास्त जा" एवढंच कृपया लिहू नका. बाबांना समजावायला मला कारण लागेल. ते ड्राफ्ट्समन होते, त्यांना माप दाखवावं लागतं.

वागळे_इस्टेट_मिलिंद

अवनीताई, मी रोखठोकच लिहितो. या शास्त्राचं मूळ बघा. 1895, अमेरिकेतलं आयोवा राज्य, डॅव्हनपोर्ट गाव. डी. डी. पामर नावाचा गृहस्थ. त्याने आधी मधमाश्या पाळल्या, किराणा दुकान चालवलं, मग चुंबकी उपचार करायला लागला. इमारतीत साफसफाई करणाऱ्या हार्वी लिलार्डला ऐकू कमी यायचं. पामरने त्याच्या पाठीचा मणका दाबला आणि ऐकू यायला लागलं असा दावा केला. ऐकण्याची नस पाठीच्या मणक्यातून जात नाही, हे नववीतल्या मुलालाही ठाऊक असतं. पुढे याच माणसाने लिहिलं की 95 टक्के आजार सरकलेल्या मणक्यांमुळे होतात.

आणि प्रश्न विचारला की काय होतं तेही बघा. इंग्लंडमध्ये सायमन सिंग या विज्ञानलेखकाने 2008 मध्ये लहान मुलांवरच्या अशा दाव्यांबद्दल वर्तमानपत्रात लिहिलं, तर तिथल्या कायरोप्रॅक्टरांच्या संघटनेने त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. दोन वर्षं लढला बिचारा. 2010 मध्ये संघटनेने दावा मागे घेतला.

अशा मुळातून आलेल्या लोकांचं संशोधन वाचण्यात वेळ घालवू नका. माझ्या मावशीची मान कोणीतरी अशीच फिरवली होती, तीन आठवडे चक्कर येत होती. तेव्हापासून मला या विषयाचा राग आहे, तो लपवत नाही.

ग्रंथपाल_नेरूळ

अवनी, तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी नवी मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात 27 वर्षं होतो. एम.डी. करणारी मुलं प्रबंधासाठी संदर्भांची यादी घेऊन यायची. निबंध काय सांगतो हे सगळे विचारायचे, पण लिहिणारा कोण, कुठे शिकला, कोणाच्या पगारावर आहे हे विचारणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. तू तेच विचारलंस.

मिलिंद, पामरबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. पण अवनीच्या फाईलमधली माणसं पामरच्या दुकानातली नाहीत.

आधी डीसी. डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक. अमेरिकेत कॉलेजची काही वर्षं झाल्यावर साधारण चार वर्षांचा हा व्यावसायिक अभ्यासक्रम असतो. त्यात शरीररचना, एक्स-रे वाचणं, तपासणी, हाताने मणके हलवण्याचं कौशल्य हे सगळं येतं. पण तो माणूस उपचार करायला तयार होतो, संशोधन करायला नाही. आपल्याकडे एम.बी.बी.एस. झालेला मुलगा चाचणीची आखणी करू शकेलच असं नाही, तसंच. म्हणून नावापुढे नुसतं डीसी असेल तर तो उपचारक आहे एवढंच समजतं. त्याच्यापुढे आणखी काय आहे ते बघायचं. मी मुलांना म्हणायचो, पहिली पदवी पोटासाठी, दुसरी प्रश्नासाठी.

हे दुसऱ्या पदवीचं वळण कधी आलं? 1975 साली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बेथेस्डाला मणक्यांवरच्या हस्तोपचारांबद्दल एक परिषद भरवली. डॉक्टर, ऑस्टिओपॅथ (हाताने सांधे-स्नायूंवर उपचार करणारी आणखी एक शाखा), कायरोप्रॅक्टर, मूलभूत शास्त्रज्ञ एका छताखाली बसले. निष्कर्ष निघाला, की बाजूने किंवा विरुद्ध ठामपणे काही म्हणता येईल एवढा पुरावाच नाही. त्या काळी डीसी असून पीएच.डी. असलेले लोक अगदी मोजके होते. धंदा 80 वर्षांचा आणि संशोधक मोजके, हे पुढच्या पिढीला टोचलं असणार. त्यानंतर काही जण मुद्दाम बाहेरच्या विद्यापीठांत जाऊन दुसऱ्या विद्या शिकले.

तुझ्या फाईलमधल्या ज्या नावापुढे तिन्ही पदव्या आहेत, ते स्कॉट हॅल्डमन. घरातच कायरोप्रॅक्टिक, वडील जोशुआ हॅल्डमन कॅनडातून दक्षिण आफ्रिकेत गेलेले कायरोप्रॅक्टर. मुलगाही आधी तेच शिकला. मग कॅनडात न्यूरोफिजिऑलॉजीत, म्हणजे मज्जासंस्था काम कशी करते या विषयात, पीएच.डी., मग एमडी, आणि पुढे कॅलिफोर्नियात न्यूरॉलॉजिस्ट. 2008 मध्ये त्यांनी वर्ल्ड स्पाइन केअर ही संस्था सुरू केली, बोत्सवानासारख्या ठिकाणी पाठीच्या दुखण्यांसाठी दवाखाने काढले. जाता जाता, हे ईलॉन मस्कचे सख्खे मामा.

डेव्हिड कॅसिडी कायरोप्रॅक्टर, पण नंतरची कारकीर्द साथरोगशास्त्रातली, म्हणजे लोकसंख्येत आजार कोणाला, किती आणि का होतो ते मोजण्याची. त्यांचा 2008 चा निबंध तुझ्या फाईलमध्ये असणार, कारण मानेवरच्या उपचारांची बाजू घ्यायला तो हमखास पुढे करतात. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या नऊ वर्षांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांमुळे आलेल्या पक्षाघाताचे 818 रुग्ण. 45 वर्षांखालच्यांमध्ये पक्षाघाताच्या आधी कायरोप्रॅक्टरकडे गेल्याचा संबंध दिसला. पण साध्या फॅमिली डॉक्टरकडे गेल्याचाही तसाच दिसला. त्यांनी अर्थ असा लावला, की रोहिणी आधीच फाटायला लागली होती, त्याने मान आणि डोकं दुखलं, म्हणून माणूस कोणाकडे तरी गेला. अर्थ पटण्याजोगा आहे. पण "म्हणून झटका सुरक्षित आहे" असं त्यात म्हटलेलं नाही, हे लक्षात ठेव. शिवाय कॅसिडींनी 45 च्या खालचे लोक वेगळे का काढले, तर असं रोहिणी फाटणं तरुणांतच जास्त दिसतं. तुझे बाबा 68 चे, म्हणजे त्या गटात बसतच नाहीत.

ग्रेग कॉचुक डीसी आहेत, पण पीएच.डी. कॅल्गरीतून बायोइंजिनिअरिंगमध्ये. अल्बर्टा विद्यापीठात ते शिकवतात ते फिजिओथेरपीच्या विभागात. म्हणजे रोज ज्यांच्यात बसायचं ते प्रतिस्पर्धी मानल्या गेलेल्या व्यवसायाचे लोक. अशा जागी काहीही खपवणं अवघड असतं. यान हार्टविगसन डेन्मार्कच्या ओडेन्समधले. 2018 मध्ये द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने कंबरदुखीवर जी लेखमाला काढली, तिच्या पहिल्या निबंधाचे ते प्रमुख लेखक.

आता डॅनियल चर्किन. फाईल देणाऱ्यांना बहुतेक हे माहीत नसावं, पण ते कायरोप्रॅक्टर नाहीतच. सिएटलमधले आरोग्यसेवांचे संशोधक, पीएच.डी. त्यांच्या नावापुढे डीसी आहे का बघ. नसणार.

इथे एक गोष्ट सांगतो, ती मी ग्रंथालयात स्वतः हाताळलेली. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनचा 8 ऑक्टोबर 1998 चा अंक. बांधणीला पाठवण्याआधी अंक चाळायची माझी सवय. त्यात पान 1013 वर एक निबंध आणि लगेच पुढे 1021 वर दुसरा, दोन्ही कायरोप्रॅक्टिकवर. 1021 वरचा चर्किन यांचा, कंबरदुखीवर. 1013 वरचा बॅलन आणि सहकाऱ्यांचा, लहान मुलांच्या दम्यावर. या बॅलन यांच्या गटात बरेच जण स्वतः कायरोप्रॅक्टर, आणि पैसा कायरोप्रॅक्टिक संशोधनासाठीच्याच एका संस्थेचा. दमा असलेल्या 7 ते 16 वर्षांच्या मुलांचे दोन गट केले, एकाला खरा उपचार, दुसऱ्याला उपचारासारखं दिसणारं पण खोटं काहीतरी. निष्कर्ष? नेहमीच्या औषधांच्या जोडीला कायरोप्रॅक्टिक दिल्याने काहीही फायदा नाही. आपल्याच व्यवसायाच्या पैशातून, आपल्याच व्यवसायाचा दावा तपासला आणि "नाही" असं छापलं. त्या दिवशी मी तो अंक टेबलावर ठेवून बराच वेळ बसून होतो. तेव्हापासून माणसाच्या पदवीपेक्षा एक गोष्ट मी आधी शोधतो, याने कधी स्वतःच्या मनाविरुद्ध काही छापलंय का?

तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर तेच. आपल्याच विषयावर संशोधन करणं हा दोष नाही. हृदयावर संशोधन हृदयवालेच करतात. फरक पडतो तो सोबत कोण आहे याने. एकाच कॉलेजचे चार कायरोप्रॅक्टर मिळून लिहितात तो निबंध मी सावधपणे वाचतो. चारांतला एक संख्याशास्त्रज्ञ, एक ऑर्थोपेडिक, एक दुसऱ्या विद्यापीठाचा असेल तर जरा सैल होतो. सिडनी रुबिनस्टाइन हे ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठातले, मूळचे कायरोप्रॅक्टर. 2019 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखीवरच्या 47 चाचण्या, 9,211 रुग्ण एकत्र मांडले. निष्कर्ष असा, की मणके हलवण्याचा परिणाम इतर शिफारस केलेल्या उपचारांइतकाच, म्हणजे व्यायामासारखाच. जास्तही नाही, कमीही नाही. हा निष्कर्ष जाहिरातीत घालता येत नाही, म्हणूनच मला त्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

अवनी_नौपाडा

काका, मनापासून आभार. शाळेतून आल्या आल्या फाईल काढून बसले.

चर्किन यांचं पान सापडलं. खरंच पान 1021, आणि नावापुढे डीसी नाही, पीएच.डी. आहे. फक्त हे एकच पान झेरॉक्स केलंय, पुढची नाहीत. सारांशात एक ओळ पिवळी केली आहे, उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे 75 टक्के लोकांनी सेवेला खूप चांगली किंवा उत्कृष्ट म्हटलं. त्याच्याच खाली, पिवळ्या रंगाच्या बाहेर, हे आहे. 321 लोकांचे तीन गट होते, एकाला मॅकेन्झी पद्धतीची, म्हणजे ठरावीक व्यायामांची, फिजिओथेरपी, एकाला कायरोप्रॅक्टिक, एकाला फक्त माहितीची पुस्तिका. दोन वर्षांतला सरासरी खर्च फिजिओ 437 डॉलर, कायरोप्रॅक्टिक 429, पुस्तिका 153. आणि शेवटी, दोन्ही उपचारांचा परिणाम जवळपास सारखा आणि पुस्तिकेपेक्षा किंचितच बरा.

म्हणजे समाधानाची ओळ पिवळी आणि निष्कर्षाची कोरी. आमच्याकडे एखाद्या मुलाने पाठ्यपुस्तकातलं उदाहरण अर्धंच उतरवलं तर मी वहीत लाल रेघ मारते. मला खूप वाईट वाटलं, कारण त्या माणसाने फाईल प्रेमानेच दिली होती आणि आम्ही ती विश्वासाने घेतली होती.

शिवाय हे सगळं कंबरेचं. बाबांची मान आहे.

कोपरखैरणे_फिजिओ

ताई, मी फिजिओथेरपीत बीपीटी, एमपीटी केलंय, कोपरखैरण्यात प्रॅक्टिस करते. आधी एक विचारते, बाकीचं नंतर. बाबा कोणत्या गोळ्या घेतात? रक्त पातळ करणाऱ्या? बीपीच्या? कधी स्टेंट वगैरे?

आता बाकीचं. काकांनी संशोधकांची पार्श्वभूमी सांगितली ती बरोबर, पण त्या पार्श्वभूमीचा तुमच्या घोडबंदरच्या सेंटरशी संबंध किती, ते मी सांगते. ओडेन्सला 1994 पासून कायरोप्रॅक्टिक विद्यापीठातच शिकवतात, सुरुवातीची वर्षं मेडिकलच्या मुलांच्या बरोबरीने. झुरिचमध्ये 2008 पासून ते वैद्यकीय विद्याशाखेतच आहे, स्वित्झर्लंडच्या कायद्यात डॉक्टर, डेंटिस्ट यांच्या रांगेत. तिथून बाहेर पडणाऱ्याच्या हातात पाच-सहा वर्षांची विद्या असते. आपल्याकडे डीसीला नोंदणी देणारी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. बाहेर शिकून आलेले थोडे लोक आहेत, पण शनिवार-रविवारची वर्कशॉप करून, सर्टिफिकेट भिंतीला लावून बोर्ड बदलणारे मी स्वतः बघितलेत. काही माझ्याच बॅचचे. फिजिओला मणके हलवायला शिकवतातच, मेटलंड, मलिगन या हाताने सांधे हलवण्याच्या पद्धती आम्ही शिकतो. पण आम्ही हळूहळू हलवण्याला मोबिलायझेशन, झटक्याला मॅनिप्युलेशन म्हणतो, आणि झटका देण्याआधी कोणाला द्यायचा नाही याची भलीमोठी यादी पाठ असते. महाराष्ट्रात फिजिओंसाठी राज्य परिषद आहे. ज्याच्या हातात बाबांची मान देणार त्याला नोंदणी क्रमांक विचारा, आणि नेमकं शिक्षण कुठे, किती वर्षं, ते विचारा. राग आला तर उठून या.

टक् आवाजाबद्दलही. पेशंट मला रोज म्हणतात, "हाड जागेवर बसलं ना?" तुमच्या फाईलमधल्या कॉचुक यांनीच 2015 मध्ये हे एमआरआयमध्ये बघितलं. एका कायरोप्रॅक्टरचीच बोटं मशीनमध्ये ठेवून, एक एक बोट ओढून कडकन वाजवलं. हाडं एकमेकांपासून झटकन दूर होतात तेव्हा सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होते, 310 मिलिसेकंदांच्या आत. आवाज तेव्हाचा. काही जागेवर बसत नाही, काही सरकलेलं नसतं. हे शोधायला इंजिनिअरिंग शिकलेला माणूसच लागला, असं मला वाटतं. आम्ही आवाज ऐकत होतो, त्याने तो मोजला.

वागळे_इस्टेट_मिलिंद

काका, दम्याचा निबंध मला माहीत नव्हता. घरी येऊन शोधून वाचला. मान्य करतो, मी सगळ्यांना एका मापाने मोजत होतो.

पण एक प्रश्न राहतोच. टीका करणारे बहुतेक बाहेरचे आणि बाजू मांडणारे बहुतेक आतले, असं का? एडझार्ड अर्न्स्ट तर एमडी आहेत, आणि ते किती कडक लिहितात.

ग्रंथपाल_नेरूळ

मिलिंद, तुम्ही ते वाचलंत याचा फार आनंद झाला.

अर्न्स्ट यांची पार्श्वभूमीही तितक्याच बारकाईने बघा. जर्मनीत वैद्यक शिकले, सुरुवातीला म्यूनिकच्या होमिओपॅथिक रुग्णालयातही काम केलं, व्हिएन्नात पुनर्वसन विभाग सांभाळला, 1993 मध्ये एक्सेटरला पूरक वैद्यकाचे प्राध्यापक झाले. म्हणजे तेही पूर्ण बाहेरचे नाहीत, वाट बदललेले आहेत. त्यांच्या टीकेला वजन आहे ते त्यामुळे.

आणि आतले सगळे बाजूच मांडतात असंही नाही. शार्लोट लेबोफ-इड या स्वतः कायरोप्रॅक्टर. आपल्याच व्यवसायातल्या पोकळ दाव्यांवर त्यांनी केलेली टीका वाचा, बाहेरच्यापेक्षा आतल्याचा शब्द किती लागतो ते कळेल. उलट बाजूने, टॉम मीड हे ब्रिटनच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचे, हृदयविकार आणि रक्त गोठण्यावर आयुष्य घालवलेले साथरोगतज्ज्ञ. कायरोप्रॅक्टिकशी काही देणंघेणं नाही. 1990 मध्ये त्यांनी 741 कंबरदुखीच्या रुग्णांवर चाचणी घेतली आणि रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागापेक्षा कायरोप्रॅक्टिक सरस ठरल्याचं छापलं. आतला म्हणून बाजूने आणि बाहेरचा म्हणून विरुद्ध, हा हिशोब जुळत नाही.

मला सगळ्यात भावतात ते वॉल्टर हर्झॉग. मूळचे स्विस, कॅल्गरीला बायोमेकॅनिक्सचे, म्हणजे शरीरातली बलं आणि हालचाली मोजण्याच्या शास्त्राचे, प्राध्यापक, कायरोप्रॅक्टर नाहीत, डॉक्टर नाहीत. झटका देताना हाताखाली किती बल पडतं हे त्यांनी सेन्सर लावून मोजलं. मृतदेहांच्या मानेतल्या रोहिणीवर झटक्याने किती ताण येतो तेही मोजलं. अवनी, तुझ्या ड्राफ्ट्समन बाबांना हे नाव सांग. हा त्यांच्या भाषेत बोलणारा माणूस आहे.

आणि आपल्याकडच्या चाचण्या बघायच्या असतील तर भारतातल्या चाचण्यांची नोंदवही 2007 पासून ऑनलाइन आहे, सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया). प्रत्येक चाचणीपुढे प्रमुख संशोधकाचं नाव, संस्था आणि पैसा कोणाचा हे लिहिलेलं असतं. पिवळा रंग मारायला तिथे कोणाला जागा नसते.

अवनी_नौपाडा

फिजिओताई, तुम्ही गोळ्यांचं विचारलंत आणि मला धस्स झालं. बाबांची 2021 मध्ये अँजिओप्लास्टी झाली आहे, एक स्टेंट आहे, रक्त पातळ करणारी गोळी रोज सकाळी. त्या सेंटरमध्ये हे कोणी विचारलंच नाही. मीही सांगितलं नाही. मानेचा आणि गोळीचा काही संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही. 12 पैकी एकही सीटिंग झालेलं नाही, फक्त आगाऊ रक्कम भरली होती.

कोपरखैरणे_फिजिओ

मग मानेला झटका नकोच, ताई. आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा, मग ऑर्थोपेडिक किंवा न्यूरोकडे परत दाखवा. आणि चक्कर, बोलताना जीभ अडखळणं, दोन दोन दिसणं, चालताना तोल जाणं यातलं काही झालं तर दवाखान्यात, लगेच, रात्र असली तरी. व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा फिजिओसमोर बसवा. पाचव्या दिवशी सोडतात ते समोर कोणी नसतं म्हणून.

अवनी_नौपाडा

काल हृदयाच्या डॉक्टरांशी बोलले, त्यांनी झटक्याला स्पष्ट नाही म्हटलं. सेंटरला फोन करून आगाऊ रक्कम मागितली आहे. चार दिवसांनी या, म्हणालेत. फाईल मात्र परत दिलेली नाही, ती ठेवून घेणार आहे. काकांनी सांगितलेली सगळी नावं पेन्सिलीने तिच्यावर लिहिली, प्रत्येकापुढे दुसरी पदवी.

रात्री बाबांना गॅलरीत बसवून हे सगळं वाचून दाखवलं. हॅल्डमन, कॅसिडी ऐकताना ते गप्प होते. हर्झॉग यांनी सेन्सर लावला म्हटल्यावर चष्मा लावून पुढे सरकले. किती न्यूटन, विचारलं. मला सांगता आलं नाही. काका, तो आकडा कुठे मिळेल ते सांगाल का? त्यांना खरंच हवा आहे.

आणि चर्किन यांच्या पानावरचे तीन आकडे, 437, 429, 153, त्यांनी हाताखाली कागद घेऊन लिहून काढले आणि 153 खाली दोन रेघा मारल्या. ती पुस्तिका कंबरेची होती हे मी सांगितलं. ते म्हणाले, मग मानेची शोध, मराठीतली. कोणाकडे आहे का?